पंचनामा कोण लिहितो? तेल सांडल्यावर भरपाई मिळते कशी आणि अडते कुठे

दिवाळीनंतरच्या एका रविवारी बुटीबोरीकडचे एक शेतकरी काका माझ्याकडे आले. बसायच्या आधीच त्यांनी पिशवीतून लिटरभराची बाटली काढून टेबलावर ठेवली. आत त्यांच्या विहिरीचं पाणी होतं. बाटली जराशी तिरपी केली की वरचा तवंग जांभळा-हिरवा चमकायचा. झाकण फिरवलं तसा खोलीभर डिझेलचा वास सुटला. आषाढात त्यांच्या बांधाला लागून इंधनाचा टँकर उलटला होता. पावसाच्या पाण्यासोबत डिझेल शेतात उतरलं आणि महिन्याभरानं विहिरीच्या पाण्याला वास यायला लागला.

"बैल तोंड लावत नाहीत त्या पाण्याले," ते म्हणाले. "पेपरात वाचलं मी, तिकडं आफ्रिकेत एका गावाले तेल कंपनीनं करोडो रुपये देल्ले. मंग माह्या विहिरीचं काहून काही होत नाही?"

पोलिसांच्या पंचनाम्याची नक्कल त्यांनी सोबत आणली होती. त्यात टँकरचा नंबर होता, चालकाचं नाव होतं, रस्त्यावरच्या चाकाच्या खुणांची लांबी मीटरमध्ये मोजून लिहिली होती, दोन पंचांच्या सह्या होत्या. विहीर मात्र कुठेच नव्हती. ती रस्त्यापासून दीडशे पावलांवर आहे, आणि पंचनामा रस्त्यावरच संपला होता.

मी नागपुरात दिवाणी वकिली करतो. काकांच्या प्रश्नाचं उत्तर मी त्या दिवशी तुटक दिलं. ते नीट, पहिल्यापासून सांगावं म्हणून हा लेख. तेलाच्या नुकसानीचे जगभरातले खटले वाचताना मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. कायदा काय म्हणतो याच्या आधी पंचनामा काय म्हणतो ते ठरतं, आणि पंचनामा कोणी लिहिला यावर पुढचं बहुतेक सगळं ठरतं.

वाघानं गाय मारली तर

हे उदाहरण विदर्भात कुणालाही समजावून सांगावं लागत नाही. जंगलालगतच्या गावात वाघानं गाय मारली की मालक वनखात्याला कळवतो. मढं हलवायचं नसतं. वनरक्षक येतो, पाऊलखुणा बघतो, मानेवरचे सुळ्यांचे व्रण बघतो, पंच बोलावतो आणि पंचनामा करतो. त्यावर भरपाई मिळते. रक्कम अपुरी असेल, उशीर होईल, ती तक्रार वेगळी. पण 'वाघाला आवरण्यात वनखात्यानं हयगय केली' हे गायवाल्याला सिद्ध करावं लागत नाही.

एरवीच्या दिवाणी दाव्यात नेमकं हेच सिद्ध करावं लागतं. समोरच्यानं निष्काळजीपणा केला, त्यामुळेच माझं नुकसान झालं, आणि ते इतक्या रुपयांचं झालं, अशा तिन्ही कड्या जोडाव्या लागतात. शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरनं कुंपण तोडलं तर हे जमतं. पण तेल कंपनीच्या पाइपची जाडी किती उरली होती, शेवटची तपासणी कधी झाली, धोक्याची घंटा वाजली होती का, हे सगळे कागद कंपनीच्या कपाटात असतात. कोळ्यानं किंवा शेतकऱ्यानं ते आणायचे कुठून?

आपल्या सर्वोच्च न्यायालयानं ही अडचण फार आधी ओळखली. भोपाळच्या दुर्घटनेला जेमतेम वर्ष झालं होतं. डिसेंबर १९८५ मध्ये दिल्लीच्या श्रीराम कारखान्यातून ओलियम वायू गळला. त्या प्रकरणात १९८६ च्या डिसेंबरात सरन्यायाधीश भगवती यांच्या पीठानं नियम घालून दिला: जो नफ्यासाठी धोकादायक धंदा चालवतो, त्याच्या धंद्यातून कुणाला इजा झाली तर त्यानं भरपाई द्यायची, त्याची चूक असो वा नसो. याला निरपेक्ष दायित्व म्हणतात. इंग्लंडमध्ये १८६८ पासून याच्या जवळचा नियम होता, पण त्यात दैवी आपत्ती, तिऱ्हाइताचं कृत्य अशा पळवाटा होत्या. आपल्या न्यायालयानं त्या बंद केल्या आणि वर सांगितलं की कंपनी जितकी मोठी आणि सधन, तितकी भरपाईही मोठी असली पाहिजे.

कागदावर हा नियम जगातल्या कडक नियमांपैकी एक आहे. काकांचा टँकरही त्यात बसतो. तरी विहीर पंचनाम्यात नाही, आणि तिथेच गाडी अडते.

काकांनी वाचलेलं ते गाव

काकांनी वाचलं ते बहुधा बोडोबद्दल असावं. नायजेरियाच्या दक्षिणेला नायजर नदी फाटे फुटून समुद्राला मिळते. तिथल्या खाडीवर हे मासेमारांचं गाव आहे. २००८ मध्ये शेल या तेव्हाच्या ब्रिटिश-डच तेल कंपनीच्या नायजेरियातल्या उपकंपनीची पाइपलाइन तिथे दोनदा फुटली. खारफुटीच्या मुळांना काळा लेप बसला आणि मासे गेले. मासेमारी हेच ज्यांचं शेत, त्यांचं शेतच गेलं.

अशी गळती झाली की तिथे संयुक्त पाहणी होते. कंपनीचे लोक, सरकारी अधिकारी आणि गावाचे प्रतिनिधी एकत्र जाऊन कारण, सुरुवातीची तारीख आणि सांडलेल्या तेलाचं प्रमाण लिहितात. ऐकायला चांगलं वाटतं. पण यंत्रं कंपनीची, जाणकार कंपनीचे, आणि बऱ्याचदा सरकारी माणूस तिथवर पोचतो तोही कंपनीच्याच गाडीतून किंवा होडीतून. आपल्या उदाहरणात सांगायचं तर पंचनामा वाघच लिहितो आणि गायवाला सही करतो.

बोडोच्या पहिल्या गळतीबाबत गावकरी सांगत होते की तेल २८ ऑगस्टपासून वाहतंय. पाहणीच्या कागदावर तारीख लागली ५ ऑक्टोबर. सव्वा महिन्याचा फरक. रोज वाहणाऱ्या तेलाला या दिवसांनी गुणून बघा, म्हणजे एका तारखेत किती पैसे दडलेले असतात ते कळेल. दोन्ही गळत्या मिळून साधारण ४ हजार पिंपं तेल सांडलं, असं कंपनी सांगत राहिली. गावाच्या बाजूनं काढलेला अंदाज लाख पिंपांच्या वरचा होता. कंपनीनं सुरुवातीला अख्ख्या गावाला ४ हजार पौंड देऊ केले होते, असं गावाचे वकील सांगतात.

मग गाव लंडनच्या कोर्टात गेलं. तिथे कागदपत्रं उघड करावी लागली आणि २०१४ मध्ये कंपनीला आपला आधीचा आकडा कमी होता हे मान्य करावं लागलं. दोनच महिन्यांनी, जानेवारी २०१५ मध्ये तडजोड झाली. एकूण साडेपाच कोटी पौंड, तेव्हाच्या दरानं सव्वापाचशे कोटी रुपयांच्या आसपास. त्यातले साडेतीन कोटी पौंड १५,६०० लोकांना वाटले गेले, म्हणजे माणशी सुमारे २,२०० पौंड, आणि उरलेले गावासाठी.

चार हजार पौंडांवरून साडेपाच कोटी. तेल तेवढंच होतं, गाव तेच होतं, पंचनामा बदलला.

पण लंडनला कशाला? आपल्या देशात दावा का नाही?

हा प्रश्न आपल्याला भोपाळमुळे जवळचा आहे. भोपाळचे पीडित अमेरिकेतल्या कोर्टात गेले होते. युनियन कार्बाइडनं म्हटलं, अपघात भारतात झाला, खटलाही भारतातच चालवा. १९८६ मध्ये तिथल्या न्यायाधीशानं ते मानलं. १९८९ मध्ये इथे ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली. वाढीव भरपाईची मागणी सर्वोच्च न्यायालयानं २०२३ मध्ये फेटाळली.

परदेशी कोर्टात जाण्यातली दुसरी अडचण घरातल्या हिशोबासारखी आहे. थोरला भाऊ नागपुरात बसून शेतीचा सगळा कारभार बघतो. काय पेरायचं, कुठलं औषध फवारायचं, किती खर्च करायचा, सगळं तो ठरवतो. शेत मात्र धाकट्याच्या नावावर. फवारणीनं शेजारच्या गुरांना विषबाधा झाली की थोरला म्हणतो, 'सातबारा बघा, माझा काय संबंध?' मूळ कंपनी आणि तिची परदेशातली उपकंपनी यांचं नातं असंच असतं. कायद्यानं दोघी वेगळ्या 'व्यक्ती' आहेत.

हा बचाव ज्या खटल्यात ढासळला तो एका भारतीय उद्योगपतीच्या कंपनीचा आहे. झांबियातल्या तांब्याच्या खाणीनं नद्या खराब केल्या म्हणून १,८२६ गावकऱ्यांनी अनिल अगरवाल यांच्या वेदांत समूहाच्या मूळ कंपनीवर लंडनमध्ये दावा लावला. एप्रिल २०१९ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की हा दावा लंडनमध्ये चालू शकतो. आपल्या खाणींच्या पर्यावरणाची काळजी आम्ही घेतो, असं मूळ कंपनीनं स्वतःच्याच जाहीर अहवालांत लिहिलं होतं. तेच तिच्यावर उलटलं. याच वाटेनं फेब्रुवारी २०२१ मध्ये नायजेरियातल्या ओगाले आणि बिले या दोन गावांना शेलविरुद्धचा दावा पुढे चालवायची मुभा मिळाली. थोरला भाऊ खरंच कारभार बघत होता का, हे आता सातबाऱ्यावरून नाही, त्याच्या वहीवरून ठरतं.

"पाइप तर चोर फोडतात. कंपनीनं का भरायचं?"

हा आक्षेप खोटा नाही. नायजरच्या मुखाजवळच्या भागात तेलचोरी खरोखर मोठी आहे. पाइपला भोक पाडून तेल काढतात, रानात भट्ट्या लावून शुद्ध करतात, आणि त्यातूनही प्रदूषण होतं.

पण 'चोरी झाली' हेही कुणीतरी पंचनाम्यातच लिहिलेलं असतं. चार नायजेरियन शेतकऱ्यांनी एका डच संघटनेसोबत २००८ मध्ये हेगच्या कोर्टात दावा लावला होता. जानेवारी २०२१ मध्ये तिथल्या अपील न्यायालयानं दोन गावांबाबत सांगितलं: घातपात झाला असं कंपनीचं म्हणणं असेल तर ते वाजवी संशयापलीकडे कंपनीनंच सिद्ध करावं. तिला ते जमलं नाही. २०२२ च्या अखेरीस दीड कोटी युरोवर प्रकरण मिटलं. तोवर मूळ फिर्यादींपैकी काही वारले होते.

यात साधी व्यवहाराची गोष्ट आहे. गोदामाला कुलूप नाही, चौकीदार नाही, तीनदा चोरी झालेली माहीत आहे, आणि चौथ्यांदा चोराच्या हातून ॲसिडचं पिंप शेजाऱ्याच्या आवारात लवंडलं. चोर दोषी आहेच. गोदामवाला सुटतो का? आपल्या निरपेक्ष दायित्वाच्या नियमात तर तिऱ्हाइताचं कृत्य हा बचावच उरत नाही.

"लोकही पैशासाठी खोटे दावे करतात"

करतात. म्हणून इक्वेडोरचं प्रकरण लपवून चालणार नाही. ॲमेझॉनच्या जंगलात टेक्साको कंपनीनं १९६० च्या दशकात तेल शोधलं, पुढे ते काढलं आणि घाण पाणी उघड्या खड्ड्यांत सोडलं. पुढे टेक्साको शेव्हरॉननं घेतली. २०११ मध्ये इक्वेडोरच्या कोर्टानं प्रचंड भरपाईचा निकाल दिला. वरच्या कोर्टात ती साडेनऊ अब्ज डॉलरवर आली. पण २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायाधीशानं ठरवलं की तो निकाल गैरमार्गानं मिळवला होता. कोर्टानं नेमलेल्या तज्ज्ञाचा अहवाल प्रत्यक्षात फिर्यादींच्याच माणसांनी लिहिला होता. पैसे आजतागायत मिळालेले नाहीत.

मला हा निकाल वाचताना सगळ्यात जास्त वाईट वाटलं ते खड्ड्यांशेजारी राहणाऱ्यांचं. तेलाचे खड्डे खरे आहेत. ज्यांनी पंचनाम्यात हात घातला त्यांनी त्या लोकांचा दावाच बुडवला. पंचनामा कंपनीनं लिहू नये, तसा तो फिर्यादीनंही लिहू नये, इतकं साधं ते आहे.

तिसऱ्यानं लिहिलेला पंचनामा कसा असतो, त्याचा नमुना ओगालेतच आहे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमानं ओगाले ज्यात येतं त्या ओगोनी भागात २०० हून जास्त ठिकाणी माती-पाणी तपासलं, पाच हजारांवर वैद्यकीय नोंदी चाळल्या आणि ऑगस्ट २०११ मध्ये अहवाल दिला. ओगालेच्या एका वस्तीत पिण्याच्या विहिरींमध्ये बेन्झीन सापडलं. हे रसायन कर्करोग घडवतं, आणि ते जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेच्या ९०० पट होतं. जवळच भूजलावर ८ सेंटिमीटर जाडीचा तेलाचा थर तरंगत होता. बोटांनी मोजा, चार-पाच बोटं होतात. गळती होऊन सहा वर्षांहून जास्त काळ लोटला होता. अख्खा भाग पूर्ववत व्हायला २५ ते ३० वर्षं लागतील, असं त्या अहवालानं सांगितलं.

त्यामुळे रोख पैसे आणि सफाई या दोन वेगळ्या मागण्या आहेत. काकांना मी हेच सांगितलं: पिकाचे पैसे घ्या, पण त्या पावतीवर 'यापुढे कोणतीही तक्रार नाही' असं लिहिलेलं असेल तर सही करू नका. विहीर उपसायची, माती काढायची, दोन-तीन वर्षं पाणी तपासायचं, हा खर्च वेगळा मागायचा असतो.

आपल्याकडचं बाघजान

आसामात तिनसुकिया जिल्ह्यातलं बाघजान. २७ मे २०२० रोजी ऑइल इंडिया या सरकारी कंपनीच्या विहिरीतून वायू आणि द्रव इंधन उसळून बाहेर पडलं. ९ जूनला त्यानं पेट घेतला आणि अग्निशमन दलाचे दोन जवान गेले. आग नोव्हेंबरात विझली. शेजारी दिब्रू-सैखोवा राष्ट्रीय उद्यान आणि मागुरी-मोटापुंग नावाचा तलाव, ज्यावर मासेमार जगतात.

राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानं, म्हणजे पर्यावरणाचे दावे ऐकणाऱ्या कोर्टानं, महिन्याभरात कंपनीला २५ कोटी रुपये भरायला लावले आणि निवृत्त न्यायमूर्तींची समिती नेमली. इतकी त्वरा मी फार कमी प्रकरणांत पाहिली आहे. पण पुढे नुकसानीबाबत जी नवी समिती नेमली तिच्यात कंपनीच्याच व्यवस्थापकीय संचालकांना घेतलं. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यावर आश्चर्य व्यक्त करून तो भाग रोखला. पुन्हा तोच प्रश्न: पंचनामा कोण लिहितोय?

कुणी म्हणेल, सरकारी कंपनीनं दिलेले पैसे म्हणजे आपलेच पैसे. खरं आहे. पण ते तेल आणि तो वायू वापरला सगळ्या देशानं. घर जळालं बाघजानच्या माणसाचं. सगळ्यांनी मिळून भरणं हाच तिथे न्याय आहे.

नागपुरात तेल कुठे आहे?

जमिनीखाली नाही, पण जमिनीवरून रोज जातं. खापरीकडचे इंधन डेपो, तिथून चारी दिशांना निघणारे टँकर, आणि आता शेतांखालून जाणारी मुंबई-नागपूर-झारसुगुडा वायुवाहिनी.

वाहिनी शेतातून जाते तेव्हा १९६२ चा कायदा लागतो. जमीन तुमचीच राहते, कंपनीला फक्त वापराचा हक्क मिळतो. त्या पट्ट्यात घर, विहीर, तळं किंवा झाड करता येत नाही. बदल्यात त्या जमिनीच्या बाजारभावाच्या १० टक्के, शिवाय पिकाचं आणि झाडांचं नुकसान वेगळं. रक्कम मान्य नसेल तर जिल्हा न्यायाधीशांकडे जाता येतं. कितीतरी शेतकरी पहिल्या धनादेशावर थांबतात, कारण ही पुढची पायरी त्यांना कुणी सांगितलेलीच नसते.

सांडलवंड झाली तर दोन दारं आहेत. एक, जिल्हाधिकारी. १९९१ च्या सार्वजनिक दायित्व विमा कायद्याखाली घातक पदार्थाच्या अपघातात कुणाची चूक ते न बघता तातडीची मदत देता येते. वाहतूकही त्यात येते. अर्ज पाच वर्षांच्या आत करायचा. मदत छोटी असते, पण ती घेतल्यानं मोठा दावा लावायचा हक्क जात नाही. दुसरं, हरित न्यायाधिकरण. महाराष्ट्रासाठी त्याचं पीठ पुण्याला आहे. मुदत इथेही पाच वर्षांची आहे, आणि मागितलेल्या रकमेच्या १ टक्का शुल्क लागतं. इथेही कंपनीची चूक दाखवावी लागत नाही.

पण 'हे पाणी या विहिरीचं, या तारखेचं, आणि यात हे तेल' एवढं तरी दाखवावंच लागतं.

काकांची ती प्लास्टिकची बाटली या कामाची नव्हती. कोणत्या दिवशी भरली, कोणासमोर भरली, याची नोंद नाही. शिवाय तेलाचे काही घटक प्लास्टिकमध्ये शोषले जातात, म्हणून नमुना काचेच्या बाटलीत घ्यायचा असतो. आम्ही प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे अर्ज दिला. जानेवारीत नमुना पुन्हा घेतला: गडद काचेची बाटली, तलाठी हजर, दोन शेजारी पंच, झाकणावर लाखेचं सील. कोऱ्या कागदावर नकाशा काढला आणि उलटलेल्या टँकरची जागा ते विहीर हे अंतर टेपनं मोजून लिहिलं. टेपचं एक टोक काकांनी स्वतः धरलं होतं. अहवालात तेलाचा अंश आला.

अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात दाखल आहे. समोरच्या बाजूचं लेखी उत्तर आलं, त्याचा पहिलाच मुद्दा असा: घटनास्थळ पंचनाम्यात विहिरीचा उल्लेख नाही.

काका आता दर महिन्याच्या एक तारखेला विहिरीतून काचेची एक बाटली भरतात, पंचांच्या सह्या घेतात, तारखेची चिठ्ठी चिकटवतात आणि देवळीत ठेवतात. परवा गेलो तेव्हा तिथे पाच बाटल्या ओळीनं उभ्या होत्या. पहिल्या तीनमध्ये तवंग डोळ्यांनी दिसतो.